पहिला घास रांधणारणीचा

"थांब गो चेडवा. आधी मी खातंय, मगे तू."

निशिगंधाला आतेचा तो आवाज अजून ऐकू यायचा. मिठाच्या पाण्यानं खरखरीत झालेला, तरी कडेला कुठेतरी गोड. आडबंदरच्या खाडीला ओहोटी लागली की द्वारकाआते काळ्या खडकांवर शिनाणे काढायला निघायची आणि पोरक्या भाचीला पाठीशी घेऊन जायची. शिनाणे म्हणजे हिरव्या-काळ्या पाठीचे लांबट शिंपले. खडकाला असे धरून बसतात, की वाटावं खडकालाच नखं फुटली आहेत. आते कोयत्याच्या टोकानं एकेक सोडवायची आणि टोपलीत टाकण्याआधी बोटाच्या पेरानं त्याच्या पाठीवर ठोकायची. जिवंत शिनाणा ठोकल्याबरोबर टक्कन मिटतो. जो तोंड वासूनच राहतो, तो आतून गेलेला. त्याची वाट दर्याकडे.

ठोकता ठोकता ती गायची.

*खडकाच्या पाठी गो, शिंपल्यांची वाडी,*
*ठोकल्याबिगर बाय, दार नको काढी.*
*मिटली तिच्या पोटी, दर्या गो जागता,*
*उघडी ऱ्हायली तिका, देवा तुज्या हाता.*

घरी आल्यावर चुलीवर टोप चढायचा. रस्सा उकळला की पहिला शिनाणा आते स्वतः खायची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग दोन घटका गप्प बसायची, जिभेवर कुणाचा तरी निरोप यायचा असल्यासारखी. दर्याला कधी कधी तांबडं पाणी येतं, त्यात शिंपले विखारी होतात आणि ते दिसून कळत नाही. म्हणून आडबंदरला रीतच होती, पहिला घास रांधणारणीचा. पाहुणा असो, जावई असो, देव असो.

आता निशिगंधा चौतिशीला आली होती आणि त्याच रीतीचा मजकूर तिला टाइप करून वर पाठवायचा होता. 'स्थानिक वारसा, तीन ओळींत', अशी मागणी आली होती.

---

वर म्हणजे ऑरेनहाइममध्ये. ऑरेनहाइम ही चार खंडांत पसरलेली कंपनी. आडबंदरच्या खाडीच्या मुखाशी तिचा कारखाना होता आणि तिथे विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लागणारे क्षार तयार होत. निशिगंधा तिथली लोकसंपर्क अधिकारी होती. देशोदेशींचे लोक कारखाना बघायला येत, पण त्यांना यंत्रं बघायची नसत. त्यांना 'साक्षी' बघायची असे.

साक्षीची गोष्ट निशिगंधा झोपेतही सांगू शकली असती. सांडपाण्यात विष आहे का हे मोजायला मीटर असतात. पण मीटरला ज्याचं नाव विचारावं, तेवढंच त्याला ओळखता येतं. पाण्यात नवं, बिननावाचं काही आलं तर मीटर आपला गप्प. जिवंत शिंपल्याला मात्र नाव लागत नाही. तो दिवसभर तोंड किलकिलं करून पाणी आत ओढतो, गाळतो, सोडतो. त्यात काही खुपलं की दार लावून घेतो. म्हणून शिनाण्याच्या एका शिंपेवर तिळाएवढा चुंबक चिकटवायचा आणि दुसऱ्या शिंपेवर तेवढाच संवेदक. मधली फट किती आहे, हे क्षणाक्षणाला कळत राहतं. कारखान्याच्या तोंडाशी तरंगत्या तराफ्यांवर असे शेकडो शिनाणे टांगलेले होते. त्यातले निम्म्याहून जास्त एकदम मिटले, की सांडपाण्याची झडप आपोआप पडायची आणि कारखाना थांबायचा. कुणाची सही नाही, कुणाचा फोन नाही.

"या कारखान्याचा मालक ही खाडी आहे," असं म्हणून निशिगंधा थांबायची आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे.

खोटं नव्हतं ते. पहिल्या काही वर्षांत झडप पुन्हा पुन्हा पडली. साहेब लोकांनी केस उपटले, पण कारखाना थांबू दिला. पुढे झडप पडणं विरळ होत गेलं आणि मग थांबलंच. ऑरेनहाइमला जगातलं सर्वांत वरचं जबाबदारी-मानांकन मिळालं. त्या मानांकनामुळे कंपनीला भांडवल स्वस्त मिळू लागलं आणि तिचे शेअर चढले. अहवालाच्या मुखपृष्ठावर टोपली घेतलेल्या द्वारकाआतेचा फोटो आला.

आणि साक्षीचे शिनाणे ज्या उबवणी केंद्रात वाढत, त्याचा प्रमुख डॉ. तन्मय सोहनी हा निशिगंधाचा नवरा होता. सांगलीचा माणूस, समुद्र प्रथम पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. पण शिंपल्याच्या अंड्यांवर असा ओणवा व्हायचा, की आते म्हणायची, "जावयबापू, कोंबडी पण इतकी नाय बसत."

---

यंदा कंपनीच्या जबाबदारी विभागाच्या जागतिक प्रमुख इंग्रिड व्हालेन स्वतः येणार होत्या. आणि त्यांनी कळवलं होतं की त्यांना साक्षी नुसती बघायची नाही. गावच्या बायकांच्या पंक्तीला बसून तराफ्यावरचे शिनाणे खायचे आहेत.

"अहो, फोटो काय येईल!" कारखान्याचे व्यवस्थापक सबनीस हात चोळत म्हणाले. "ज्या शिंपल्याने कारखान्यावर पहारा केला, तोच ताटात! निशिगंधाताई, रांधायला तुमच्या आत्याबाईच हव्यात. आणि तो तुमचा पहिल्या घासाचा रिवाज, तो तर हवाच हवा."

निशिगंधा आतेकडे गेली तेव्हा आते मागच्या पडवीत सुकटं निवडत बसली होती.

"आते, एक काम होतं तुझ्याकडे."

"काम असल्याबिगर तू येतंस खय?" आते हसली. "बस. चाय घेतंस?"

निशिगंधाने सगळं सांगितलं. आतेची बोटं सुकटांत थांबली.

"तराफ्यावरचेच व्हयेत तेंका?"

"हो. तेच."

"खडकावरचे नको?"

"अगं, खडकावर आता राहिलेत कुठे? तूच म्हणालीस ना गेल्या वर्षी."

आते पुन्हा सुकटं निवडू लागली. निशिगंधा हात धुवायला मागच्या दारी गेली. परसाच्या टोकाला, करवंदीच्या जाळीआड, पांढरट-हिरवा ढीग दिसला. शिंपल्यांचा ढीग कोळ्याच्या परसात असायचाच, तिचं लहानपण त्यातच गेलं होतं. पण तिचा पाय अडखळला. खाल्लेल्या शिनाण्याच्या दोन शिंपा सुट्या, धुतल्यासारख्या असतात. इथे त्या जोडलेल्याच होत्या आणि आत मांस वाळून काळं पडलं होतं. प्रत्येकाच्या पाठीवर गोंदाचा पांढरा ठिपका होता.

तराफ्यावरचे जुने शिनाणे कंपनी दर वर्षी गावच्या बायकांना फुकट वाटत असे. शिंप वाढून संवेदक झाकला जातो, म्हणून दर वर्षी नवी खेप टांगायची आणि जुनी गावाला द्यायची. तो समारंभ निशिगंधाच मांडायची. बायका टोपल्या भरून घ्यायच्या, हसून फोटो काढायच्या.

आणि मग इथे आणून ओतायच्या?

ढिगावर एक कावळा नव्हता. एक मांजर नव्हतं. वाळल्या मांसाचा एवढा वास, आणि मुंग्यासुद्धा वळसा घालून चालल्या होत्या.

ती परत आली. "आते, ते शिनाणे टाकलेस का गं?"

"दात खय ऱ्हवले आता माका?" आते सुकटांकडेच बघत होती.

"आणि सुनेला? शेजाऱ्यांना?"

"सोसत नाय गो आता. पोटात जड पडता."

"सगळ्या गावाला?"

आतेने वर पाहिलं. त्या डोळ्यांत भाचीवरची माया होती आणि मायेच्या मागे दार लावून घेतलेलं काहीतरी. आतेची सून कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बायकांच्या गटाचं सभागृह कंपनीने बांधलं होतं. आणि तन्मय घरचा जावई.

"रांधतंय मी," आते म्हणाली. "तुज्यासाठी रांधतंय. पण..."

"पण काय?"

"काय नाय. चाय थंड झाली बघ तुझी."

---

रविवारी तन्मयने नेहमीप्रमाणे शिनाण्यांची पिशवी आणली. लग्न झाल्यापासूनची त्याची ही पद्धत. तराफ्यावरून घेऊन आलो, म्हणायचा, आणि ओट्यावर ठेवायचा. एरवी निशिगंधा ते सरळ धुवून टाकायची. आज तिने एक हातात घेतला, किलकिला होता, आणि पेरानं ठोकला.

टक्.

तिला उगाच हायसं वाटलं. दुसरा. टक्. तिसरा. टक्. बघ, म्हणाली ती स्वतःला, जिवंत आहेत, जागे आहेत. आतेचं वय झालंय, दुसरं काय. तिने रस्सा केला, दोघांनी मिळून खाल्ला, तन्मयने शेवटची शिंप चाटूनपुसून ठेवली. तिने त्या शिंपा हातात घेऊन निरखल्या. एकीवरही गोंदाचा ठिपका नव्हता.

"हे नव्या खेपेचे का रे? चुंबक लावायच्या आधीचे?"

"हं," तन्मय म्हणाला आणि ताट उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुणीच्या भेटीची रंगीत तालीम होती. सबनीसांबरोबर निशिगंधा होडीतून तराफ्यावर गेली. सकाळचं कोवळं ऊन, पाणी आरशासारखं. सबनीस मोबाइलवरचा आलेख दाखवत होते. एक हिरवी रेघ, सरळ, कुठे खाच नाही, खळगा नाही.

"बघा, किती निवांत आहेत बिचारे! खाडी निवांत म्हणून हे निवांत. हे वाक्य घ्या हं भाषणात."

निशिगंधाने एक दोर वर ओढला. पाणी निथळत शिनाण्यांचा घड वर आला. सगळ्यांची तोंडं किलकिली, आत नारिंगी मांस ओलं, हलतं, जिवंत. तिने एकाच्या पाठीवर पेरानं ठोकलं.

तो तसाच राहिला.

तिने पुन्हा ठोकलं. नखानं. मग अंगठीनं. आतलं मांस किंचित थरथरलं, पण दार लागलं नाही. दुसऱ्याला ठोकलं, तिसऱ्याला. सगळे तसेच, तोंड उघडं ठेवून, समजूतदार पाहुण्यांसारखे. मेलेला शिंपला तिने हजारदा पाहिला होता. जिवंत असून न मिटणारा ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

"काय करताय ताई?" सबनीसांनी विचारलं.

"काही नाही. लहानपणची सवय."

परतताना तिला एकच गोष्ट टोचत राहिली. हे मिटत नाहीत. काल घरी आलेले मिटत होते. मग घरी आलेले कुठले होते?

---

तिने तन्मयला संध्याकाळी गच्चीत गाठलं. तो दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता, चिमटे तोंडात धरून.

"तन्मय, तराफ्यावरचे शिनाणे ठोकल्यावर मिटत नाहीत."

त्याने चिमटे तोंडातून काढले. "कोण म्हणालं?"

"मी ठोकून पाहिले."

"मग तेच तर आपलं यश आहे," तो हसला आणि हसू मध्येच सोडून दिलं. "ऐक. सुरुवातीला हे शिनाणे कशालाही मिटायचे. होडीची सावली पडली, मिटले. पावसाचा थेंब, मिटले. उगाच झडप पडायची. म्हणून वरून एक नियम आला. मीटर सगळं ठीक सांगत असताना जो मिटतो, त्याचा इशारा खोटा धरायचा. खोटे इशारे ज्यांचे जास्त, त्यांची अंडी घ्यायची नाहीत. जे शांत, त्यांच्यापासून पुढची पिढी वाढवायची. शिनाणा वर्षभरात वयात येतो. दर वर्षी नवी पिढी, दर पिढीत थोडी निवड. शेतकरी बियाणं निवडतो, तसंच."

निशिगंधा वाळत घातलेल्या चादरीआडून त्याच्याकडे बघत राहिली. तिला ते हळूहळू कळत गेलं, ओहोटीत खडक उघडा पडत जावा तसं.

"म्हणजे मीटरला जे कळत नाही ते कळावं, म्हणून शिनाणे आणले. आणि मीटरला न कळलेलं ज्यांना कळलं, त्यांनाच खोटं ठरवून काढून टाकलं?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"तू फार सरळसोट बोलतेस. कुणी बसून कट नाही केला. ऑरेनहाइमला खरंच चांगलं करायचं होतं. अजूनही आहे. दर तिमाहीला ते विचारायचे, खोटे इशारे किती कमी झाले? आम्ही कमी करत गेलो."

"खऱ्या इशाऱ्याला तरी मिटतात ना?"

त्याने एक शर्ट घडी केला. उलगडला. पुन्हा घडी केला.

"मिटायला हवेत."

"तू तपासलंस का?"

"निशी, हा कारखाना बंद पडला तर तो दुसरीकडे जाईल. जिथे साक्षीही नाही, मीटरही नाही. इथे निदान कुणीतरी विचारतंय. गावच्या किती घरांत पगार येतो, तुला माहीत आहे. तुझ्या वहिनीचा येतो. आपला येतो. सगळं पूर्ण स्वच्छ असावं असा हट्ट धरला, की जे थोडं आहे तेही जातं."

ते खरं होतं. म्हणूनच तिला ते जास्त भयंकर वाटलं. खोट्याशी भांडता येतं. अर्ध्या खऱ्यापुढे माणूस हात जोडून उभा राहतो.

"घरी आणतोस ते कुठले?" तिने विचारलं.

"तराफ्यावरचे. सांगितलं ना."

"ते मिटतात."

"मग... एखादी खेप असेल वेगळी. बाजारातून आणले असतील कधी."

"असतील? तूच आणतोस ना रे?"

तो कपड्यांचा गठ्ठा उरापाशी धरून खाली निघून गेला. त्या दिवसापासून घरात दोन माणसं राहू लागली, जी एकमेकांना भाजी वाढत, दिव्याचं बटण बंद करत, आणि एकमेकांचा चेहरा हळूच चोरून बघत. तिने एकदा त्याच्या गाडीची चाकं पाहिली. तांबड्या मातीने माखलेली होती. आडबंदरची माती काळी, रेतीची. तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि तरी दुसऱ्या रविवारीही तिने पाहिली.

---

सभागृहात आंब्याची तोरणं होती. बायकांनी हिरवी-जांभळी लुगडी नेसली होती, केसांत अबोली माळली होती. फळ्यावर सबनीसांनी सुंदर अक्षरात लिहवून घेतलं होतं, 'पहिला घास रांधणारणीचा'.

इंग्रिड व्हालेन साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, चेहरा प्रेमळ. त्यांच्या गळ्यात एक चकती होती. त्या आपल्या भाषेत बोलत आणि चकतीतून मराठी निघे.

"मी या मातांच्या चरणी कृतज्ञ आहे," चकती म्हणाली.

"अगो बाय, ह्या कीर्तन करता काय?" एक बाई कुजबुजली आणि ओळीनं पदर तोंडाला गेले. व्हालेनबाईही हसल्या, का ते न कळता. निशिगंधाला त्या आवडल्या. संशय घ्यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. तेच तिला अवघड झालं.

तन्मय भिंतीशी उभा होता, हातावर हात धरून.

मोठा टोप आला. कोकमाच्या रश्श्यात शिनाणे उकळून आले होते. शिजल्यावर सगळेच उघडतात, जागे असोत की झोपलेले. खोबऱ्याचा आणि तिरफळाचा वास सभागृहभर पसरला. पानं मांडली गेली. व्हालेनबाई पाटावर मोठ्या कष्टानं मांडी घालून बसल्या, त्यांचा कॅमेरावाला खुर्चीवर चढला.

"आता आपल्या द्वारकाआजी," सबनीस माइकवर म्हणाले, "परंपरेनुसार पहिला घास घेतील!"

आते पुढे आली. तिने वाडग्यात हात घातला, एक शिनाणा उचलला. शिंपेत रस्सा होता, रश्श्यात नारिंगी मांस. तिने तो ओठांपर्यंत नेला.

आणि तिथेच थांबली.

बायका आपापल्या पायांच्या बोटांकडे बघत होत्या. कुणीच आतेकडे बघत नव्हतं, हे निशिगंधाला दिसलं. या सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे, आणि फळ्यावरची ती रीत मीच लिहून पाठवली.

"यजमानीण काही कारणाने विलंब करीत आहेत का?" चकती नम्रपणे म्हणाली. व्हालेनबाईंनी स्वतःच्या पानातला एक शिनाणा उचललाही होता, हसत, वाट बघत.

आतेने शिनाणा ओठांपाशीच धरून ठेवला. खाल्ला तर पाहुणी खाईल. नाही खाल्ला तर जावयाची नोकरी, सुनेची नोकरी, हे सभागृह, या बायकांचा पगार, सगळं त्या एका न खाल्लेल्या घासात. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. आडबंदरच्या बाईनं इतक्या वर्षांत घास परत खाली ठेवला नव्हता.

निशिगंधाने तन्मयकडे पाहिलं. तो आतेकडे बघत नव्हता, पाहुणीकडेही नाही. तो फक्त त्या शिंपल्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ मिटलेले होते, पांढरे पडेपर्यंत.

ती पुढे गेली.

"आते, माका दी."

"नको गो."

"मी तुझ्याच घरची चेडू ना? आज रांधणारीण मी." तिने आतेच्या बोटांतून तो शिनाणा अलगद सोडवून घेतला. खडकावरून सोडवावा तसा. "पहिला घास मी घेते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि नवऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

तिला तो खायचा होता की नाही, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की ती ठोकून बघते आहे. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे की नुसताच उघडा, हे आता या घटकेला कळेल, आणि नाही कळलं तर पुढे कधीच कळणार नाही.

शिंप ओठांना लागली. रश्श्याचा ऊबदार, आंबटगोड थेंब ओठावर आला.

"निशी, नको."

इतका हळू आवाज होता, की कॅमेरावाल्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिने शिंप खाली नेली नाही.

"नको!" तन्मय ओरडला. भिंत सोडून पुढे आला, पानांवरून, पाटांवरून, तिच्या हाताला झटका देऊन त्याने तो शिनाणा उडवला. तो फरशीवर पडून गरगर फिरला. "खाऊ नकोस. मॅडम, तुम्हीही. कुणीच खाऊ नका."

चकतीने ते तितक्याच शांत सुरात व्हालेनबाईंना सांगितलं. त्यांचा हात पानावरच राहिला.

"सोहनी, काय चाललंय हे?" सबनीस माइकवरच बोलून गेले.

"हे मिटत नाहीत," तन्मय म्हणाला. तो धापा टाकत होता. "कशालाच मिटत नाहीत. मी गेल्या वर्षी दुसरीकडच्या खडकांवरचे रानटी शिनाणे आणून तराफ्यावर टांगले होते, कुणाला न सांगता. ते टांगताटांगताच मिटले. मिटले आणि उघडलेच नाहीत, मरेपर्यंत. शेजारी आमचे मजेत तोंड उघडून पाणी पीत होते. पाण्यात काय आहे मला माहीत नाही. मीटरला माहीत नाही. पण जे काही आहे, ते यांच्या पोटात साठत चाललंय. ज्याला भीती वाटते असा एकेक शिंपला मी निवडून बाहेर काढला, मॅडम. तुमचा आलेख सरळ आहे, कारण घाबरणारं कुणी मी शिल्लकच ठेवलं नाही."

चकती बोलत राहिली, परक्या भाषेत, एक शब्द न चुकवता. व्हालेनबाईंचा प्रेमळ चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. त्यांनी हातातला शिनाणा पानात ठेवला, पालथा. मग काहीतरी पुटपुटल्या. चकतीने सांगितलं, "मला हे आधी का कळवले गेले नाही?"

"आमका कधी कोणी इचारल्यान?" आते म्हणाली. एवढंच. तिने पदराने डोळे पुसले आणि बायकांना खूण केली. एकेक बाई उठली, एकेक पान उचलू लागली.

निशिगंधा तिथेच उभी होती. ओठावरचा थेंब तिने मनगटाने पुसला. तन्मय तिच्यासमोर, हात लोंबकळत, सभागृहातली सगळी माणसं विसरल्यासारखा.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "वर्षभर."

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि मला खाऊ घालत होतास."

"नाही." तन्मय म्हणाला. "तुला नाही, निशी. हे कळल्यापासून दर रविवारी मी घाट ओलांडून पलीकडच्या खाडीवर जात होतो. घरी आणले ते इथले नव्हते. एकदाही नव्हते."